कलेसाठी गळ

'कलेसाठी कला की जीवनासाठी कला?' हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने गाजलेला वाद कथा-कादंबऱ्यांपुरताच आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः जे काम माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी करीत आला, तेच तो गरज सरल्यावर हौसेने करू लागला की हा प्रश्न तिथेही दत्त म्हणून उभा राहतो. या लेखात परीक्षणासाठी घेतलेली 'कृती' आहे मासे धरण्याचा एक आधुनिक प्रकार. कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीत एकट्यानेच बसायचे, बारीक दोऱ्याला खोटे आमिष लावायचे आणि बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांभोवती मासे धरायचे. ज्यांच्या घरी मासा शिजत नाही त्यांनीही फराळाचे ताट बाजूला न सारता पुढे वाचायला हरकत नाही. या खेळातला पुष्कळसा मासा शिजतच नाही; तो धरून पुन्हा पाण्यात सोडला जातो. खरा पेच तिथूनच सुरू होतो.

प्रथम रंगभूमी पाहू. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन ज्या पोटोमॅक नदीवर वसली आहे, त्याच नदीवर, राजधानीच्या खालच्या अंगाला, मेरीलँडच्या काठाला मॅलोज बे नावाची उथळ खाडी आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे भराभर बुडवीत होत्या आणि पोलाद अपुरे होते, म्हणून लाकडी आगबोटी शेकड्यांनी बांधण्याचा घाट घातला गेला. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले तेव्हा त्यांतल्या कित्येक अजून गोदीतच होत्या. लग्न मोडल्यावर मांडव उभा राहावा तसा हा प्रकार झाला. पुढे भंगाराच्या व्यापाऱ्यांनी ही जहाजे घेतली आणि लोखंड काढून घेण्यासाठी ती जाळली. ७ नोव्हेंबर १९२५ या एका दिवसात ३१ जहाजे पेटवण्यात आली. आज त्या परिसरात शंभराहून अधिक सांगाडे चिखलात रुतलेले आहेत. काहींच्या पोटात माती साचून झाडे उगवली आहेत, आणि मासे धरणारे ऑस्प्रे पक्षी तिथे घरटी करतात. २०१९ साली हा भाग राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मासे धरण्यावर त्याने बंदी घातली नाही. मात्र अवशेषांना इजा करण्यास मनाई आहे.

भरती-ओहोटीचे पाणी सांगाड्यांवरून वाहते तेव्हा फळ्यांच्या आडोशाला पाणी संथ होते. बास जातीचा मासा तिथे दबा धरून बसतो आणि प्रवाहाबरोबर येणाऱ्या लहान मासोळ्या टिपतो. मोठ्या बोटीला इथे शिरकाव नाही. कयाकला वीतभर पाणी पुरते आणि तिच्या वल्ह्याचा फारसा आवाजही होत नाही. आमिष म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा किडा. कुजक्या लाकडात आणि गंजक्या खिळ्यांत अडकू नये म्हणून गळाचे टोक त्याच्याच अंगात दडवलेले असते. तो निर्जीव किडा जिवंत वाटावा इतक्या हलक्या हाताने दोरा ओढता येणे, ही या खेळातली पहिली करामत.

दुसरी करामत दोऱ्याची. दहा पौंडी दोरा म्हणजे सुमारे साडेचार किलोंच्या ओढीला तुटणारा. रिळाचा ब्रेक त्याच्या पाव ते एकतृतीयांश ताणावर सुटेल असा ठेवतात, म्हणजे मासा जोराने धावला तर दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो. शिवाय होडी हलकी असल्यामुळे मोठा मासा तिलाच ओढीत नेतो. शिकार शिकाऱ्याला फिरवून आणते, असे क्वचितच पाहायला मिळते. १९३९ साली स्थापन झालेली 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' ही संस्था दोऱ्याच्या ताकदीनुसार वेगवेगळे विक्रम नोंदवते. दोरा जितका बारीक, तितका मान मोठा.

हे वाचताना मराठी रसिकाला वृत्ताची आठवण व्हावी. मोकळेपणाने जे सांगता आले असते तेच कवी गणमात्रांचे बंधन पत्करून सांगतो, आणि त्या बंधनातूनच सौंदर्य निर्माण होते. जाड दोर आणि जाळे हाताशी असताना बारीक दोरा निवडणारा माणूस तेच करीत असतो. गरजेपेक्षा अवघड मार्ग आपणहून पत्करणे हे कलेचे एक लक्षण मानले, तर हा खेळ कलेच्या उंबरठ्यापर्यंत निश्चित येतो. प्रश्न आहे तो उंबरठा ओलांडण्याचा.

या विषयाचे साहित्यही थोडेथोडके नाही. आयझॅक वॉल्टनचा 'द कंप्लीट अँग्लर' १६५३ साली निघाला. चारच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता. त्या धामधुमीत नदीकाठची शांती सांगणारे हे पुस्तक लोकांना इतके भावले की ते आजतागायत छापले जात आहे. मासे धरणे म्हणजे चिंतन, असा वॉल्टनचा पक्ष. पण हाच सौम्य गृहस्थ जिवंत बेडूक गळाला लावण्याची रीत सांगतो आणि तसे करताना बेडकाशी मायेने वागण्याचाही सल्ला देतो. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात बायरनने याबद्दल वॉल्टनची चांगलीच हजेरी घेतली. त्याच्याच घशात गळ असावा आणि तो ओढायला एक लहानसा मासा असावा, अशी त्याची सूचना. बायरनची जीभ तिखट होती, पण समीक्षा अचूक होती. शांती कोणाची आणि तिची किंमत कोणाच्या घशातून वसूल होते, हे त्याने नेमके विचारले.

दुसरे टोक अर्नेस्ट हेमिंग्वेचे. १९५२ सालचे त्याचे 'द ओल्ड मॅन अँड द सी' पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणले. मराठीत कोळी म्हणजे जाळे विणणारा जीवही आणि जाळे टाकणारा माणूसही. गंमत अशी की या म्हाताऱ्या कोळ्याजवळ जाळे नाही, दोर आहे. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेल्या सांतियागोच्या हातात बारीक दोरा नसतो. तशी चैन त्याला परवडणारी नाही. त्याच्या गळाला खरेखुरे मासे आमिष म्हणून लावलेले असतात. माशाचे मांस किती लोकांना पुरेल याचा तो हिशेब करतो, आणि त्याच माशाला मनोमन भाऊही मानतो. हे भावाचे नाते आपल्याला खोटे का वाटत नाही? कारण दोराने त्याचे स्वतःचे तळवे फाटलेले असतात. त्या झुंजीची निम्मी किंमत त्याने स्वतःच्या रक्ताने भरलेली आहे.

या दोन पुस्तकांच्या उजेडात कयाकवाल्याकडे पाहावे. त्याच्या खेळातील साधनांचे मूळ काम कधीच सुटलेले आहे. कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची सीलच्या शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या चौकटीवर कातडे ताणून केलेली ती वस्तू पोटासाठी होती. आता ती प्लॅस्टिकची आणि हौसेची झाली. जहाज युद्धासाठी बांधले होते, ते माशांचे घर झाले. आमिष म्हणजे अन्न, पण हे आमिष कोणी खाऊ शकत नाही. होडी, जहाज, आमिष, तिन्ही उपयोगाच्या बंधनातून सुटून जणू 'कलेसाठी' उरली आहेत. चौथा मासा. तो मात्र सुटलेला नाही. तो पोटासाठीच तिथे आला आहे. त्याच्यापुरती ही मासेमारी शंभर टक्के 'जीवनासाठी' आहे.

बारीक दोऱ्याचे कौतुक करणाऱ्यांना नेमके हेच दिसत नाही. वृत्त सांभाळताना झोप उडते ती कवीची. बारीक दोऱ्याने झुंज लांबते तेव्हा दमछाक होते ती माशाची. फार थकलेला मासा सोडून दिला तरी मागाहून मरू शकतो, आणि पाणी कोमट असेल तर हा धोका अधिकच वाढतो. सांगाड्यांच्या जंगलात तर दोरा फळीला घासून तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. खेळाडू मात्र हळहळून नवा दोरा भरतो. बंधन एकाने पत्करायचे आणि ते दुसऱ्याने भोगायचे, याला संयम म्हणता येत नाही.

म्हणून हा खेळ टाकाऊ ठरवावा असे नाही. मोडक्या युद्धाच्या सांगाड्यांत आवाज न करता शिरून पाण्याची गती, माशाची भूक आणि स्वतःचा हात यांचा मेळ घालणे ही फार सुंदर गोष्ट आहे. पण जाणकार तोच, जो उघड्या पाण्यात बारीक दोरा वापरतो आणि फळ्यांजवळ जाताना विक्रमाचा मोह सोडून जाड दोरा भरतो. उलटा काटा नसलेला एकच गळ लावतो. झुंज लवकर आटोपतो. आणि नियमात बसणारा मासा हवा असेल तर सरळ घरी नेऊन खातो. मासा खाणारा सोडणाऱ्यापेक्षा नेहमीच अधिक क्रूर असतो, हे आम्हांला पटत नाही.

फडके-खांडेकर वादाचा निकाल मराठीत अजून लागायचा आहे. कलेसाठी टाकलेल्या गळापुरता मात्र तो देता येईल. कला कलेसाठी असायला हरकत नाही. तिची किंमत कलावंताने स्वतःच्या पदराने भरावी.