ल माँ जिंकलेला माणूस आणि आपला आग्रा रोड

विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन फोन आले: मोटारशर्यतींचा आणि नंदुरबारचा काय संबंध? म्हणून सुरुवात घरापासूनच करू.

२४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या सिडनीकडे निघाल्या. लंडन–सिडनी मॅरेथॉन. तुर्कस्तान, इराण, काबूल, खैबर खिंड, दिल्ली आणि मग आग्रा–इंदूर करत मुंबई. आता इंदूरहून मुंबईला यायचं म्हणजे सेंधवा सोडून पळासनेर, शिरपूर, धुळे. आपला आग्रा रोड! १ जुलै १९९८ पर्यंत आपण धुळे जिल्ह्यातच होतो, तेव्हा ही रॅली आपल्या जिल्ह्यातून गेली असं आम्ही बिनधास्त सांगतो. मुंबईपर्यंत टिकलेल्या ७२ गाड्या ‘चुसान’ नावाच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या.

त्यातल्या एका सिट्रोएनमध्ये ल्युसियाँ बियांकी होता. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरच्या शेवटी, त्यानं पेद्रो रोद्रिगेझच्या जोडीनं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली. म्हणजे त्या वर्षीचा ल माँचा विजेता ट्रक, बैलगाड्या आणि गुरं चुकवत आपल्या शिवारातून गेला. पुढे ऑस्ट्रेलियात तो पहिल्या नंबरावर असताना, शेवट अगदी जवळ आलेला असताना, समोरून आलेल्या एका मिनीशी त्याच्या गाडीची टक्कर झाली. रॅली जिंकला अँड्र्यू कोवन, साध्यासुध्या हिलमन हंटरमधून. मुंबईला पहिला पोचलेला रॉजर क्लार्क गाडी बिघडल्यानं आधीच मागे पडला होता. आणि बियांकी? मार्च १९६९ मध्ये ल माँलाच चाचणी घेताना गेला. फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांना ज्यूल्स बियांकी आठवत असेल. ल्युसियाँ त्याचा चुलत आजोबा.

हे सगळं सांगायचं कारण असं. रॅली काय, ल माँ काय, यात सगळ्यांत वेगवान माणूस जिंकतोच असं नाही. शेवटपर्यंत जो उरतो तो जिंकतो. आणि नेमकी हीच गोष्ट सिनेमा आपल्याला पाहू देत नाही, ही आमची तक्रार आहे.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ बहुतेकांनी पाहिलाय. २०१९ चा. संकलनाचं ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच मिळालं, आम्ही नाकारत नाही. पण बघा हं. ल माँच्या सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी पळताहेत, दोघे ड्रायव्हर एकमेकांकडे बघताहेत, आणि मग एक जण गिअर टाकतो, पाय दाबतो. अरे, मग इतका वेळ काय करत होतास बाबा? शर्यत २४ तासांची. एवढ्या वेळात गाडी जपायची असते, ब्रेक वाचवायचे असतात, दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची असते. १९६६ मध्ये केन माइल्सबरोबर तीच गाडी डेनी ह्यूमनं चालवली. निम्मी शर्यत त्याची. सिनेमात तो नावापुरता. ह्यूम पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तरी इथे त्याला कोणी विचारत नाही. एन्झो फेरारी त्या शर्यतीला आलेच नव्हते, सिनेमात ते हजर. ही सूट आम्ही देऊ. ह्यूमची नाही देणार.

आता जे सांगणार आहोत ते सांगताना आम्हाला बरं वाटत नाही. हा सिनेमा आम्हीच आमच्या मंडळात दाखवला होता. भिंतीवर चादर लावून, चाळीसेक पोरं जमवून. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकानं तोरणमाळच्या घाटात मोटारसायकल घातली. मित्र वर मोबाइलवर वेळ मोजत उभा. तिसऱ्या का चौथ्या वळणाला गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं. समोरून माणसांनी भरलेली जीप येत होती, ड्रायव्हरनं ती कशीबशी कडेला घेतली म्हणून एवढ्यावर निभावलं. सिनेमामुळे झालं असं आम्ही म्हणत नाही, पोरगं आधीही गाडी दामटायचंच. पण दवाखान्यात तो आम्हाला म्हणाला, “सर, मी नुसतं उशिरा ब्रेक मारून बघत होतो.” हा शब्द त्याला आम्ही शिकवला होता. रॅलीसाठी रस्ता बंद करतात, सहचालक शेजारी बसून वळणाची वही वाचतो, ती वही आधी हळू गाडी चालवून लिहिलेली असते, हे काही आम्ही सांगितलं नव्हतं. सिनेमानंही नाही.

चाहत्याची जबाबदारी म्हटलं की लोक हसतात. पण १९५५ च्या ल माँला ८० हून अधिक प्रेक्षक मेले. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसली. त्या रॅलीची जुनी चित्रफीत पाहा, लोक रस्त्यावर उभे, गाडी अंगावर आली की बाजूला होताहेत. हे आमच्यासारखेच चाहते. नको त्या जागी उभे असलेले.

याच्या उलट, १९७१ चा ‘ल माँ’, स्टीव्ह मॅक्वीनचा. सुरुवातीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत. गोष्ट जवळपास नाही. चालला नाही तो फारसा, आणि का चालला नाही हे समजतं. प्रेमप्रकरण तर अगदीच पातळ. पण १९७० च्या खऱ्या शर्यतीत कॅमेरे बसवलेली पोर्श धावली होती, आणि ते दिसतं. पाऊस, झोपलेले प्रेक्षक, पहाटेचा धुरकट उजेड, गाडीतून उतरल्यावर कुठे बघावं न कळणारा ड्रायव्हर. आणि नायक शेवटी जिंकत नाही. आपल्याच संघाच्या दुसऱ्या गाडीची वाट मोकळी करतो. याच सिनेमाच्या चित्रीकरणात डेव्हिड पायपर या खऱ्या ड्रायव्हरचा पाय गेला. तेव्हा ‘खरेपणा’ या शब्दाचं फार कौतुक आम्ही करणार नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघायला आपण सगळेच जातो. तिथे अनुभवी गिऱ्हाईक घोडा पळवून बघायच्या आधी काय करतं? दात बघतं, पाय बघतं, भोवरे बघतं, उभा कसा राहतो ते बघतं. मग रेवाल चाल. नुसतं पळणं बघून पैसे मोजणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते इथे सांगत नाही. रॅली आणि ल माँ बघायला हीच नजर लागते, आणि ती आपल्याकडे आहे. आम्ही ती पोरांसमोर काढलीच नाही, थेट वेगाचा सिनेमा लावला.

पुढच्या महिन्यात ‘ल माँ’ दाखवतोय, अख्खा, न कापता. कंटाळा येईल, आधीच सांगतो. तो मुलगा अजून कुबडीवर आहे. कोणती गाडी कधी पिटमध्ये आली, किती वेळ थांबली, हे लिहायचं काम त्यानं मागून घेतलंय. परवा विचारत होता, १९६६ च्या त्या गाडीत ह्यूम नक्की किती तास होता. आम्हाला चटकन सांगता आलं नाही.

बरं, प्रश्न असतील तर विचारा. माइक मागे द्या जरा.