आंझेचा भित्तिपट : बुरूज आणि अश्रू

तापीकाठच्या थाळनेरला मलिक राजाने १३८२ च्या सुमारास खानदेशातील स्वतंत्र फारुकी सत्तेची मुहूर्तमेढ रोवली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंजूचा ड्यूक पहिला लुई याच्यासाठी एक अवाढव्य लोकरी भित्तिपट विणला जात होता. थाळनेरला आज ढासळलेले तट आणि मकबरे दिसतात; आंझेच्या सतरा बुरुजांच्या किल्ल्यात मात्र दगडाबरोबर वस्त्रही पाहावयास मिळते. कापूस पिकविणाऱ्या मुलखातून तेथे गेलेल्या आम्हांस याचे विशेष अप्रूप वाटले.

संत योहानाचे प्रकटीकरण हा पटाचा विषय. आराखडे ब्रूजच्या जाँ बाँदोल या चित्रकाराचे. मूळच्या सुमारे ९० प्रसंगांपैकी ७० च्या आसपास उरले असून त्यांची एकूण लांबी १०० मीटरांच्या घरात भरते. सात मस्तकांचा पशू ज्या उत्साहाने विणला आहे, तो उत्साह स्वर्गाच्या चित्रणात आढळत नाही. नव्या यरुशलेमला ग्रंथातही तट आहे. परंतु त्या नगरीच्या वेशी कधीच मिटत नाहीत. पटावर हा मोकळेपणा जाणवत नाही. जाणवतो तो किल्लाच. दीर्घ युद्धाने होरपळलेल्या युगाला बुरुजावाचून निर्भयता सुचली नाही, ही या कलाकृतीची मर्यादा होय.

तिचे खरे सामर्थ्य योहानाच्या आकृतीत आहे. प्रसंगाच्या कडेला उभा राहून तो पाहतो, दचकतो. मुद्रांकित ग्रंथ उघडण्यास कोणीच योग्य नाही म्हणून रडतो. त्याच्या अश्रूंमुळे हा संहाराचा देखावा माणसाच्या मापाचा होतो आणि प्रेक्षकाला आपली जागा सापडते.

पट तगला तो बुरुजांमुळे नव्हे. रेने राजाने १४८० मध्ये तो आंझेच्या कॅथेड्रलला दिला आणि सणासुदीला तेथे तो भाविकांसमोर टांगला जाऊ लागला. राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे झाले. संत्र्याच्या झाडांना थंडीपासून जपण्यासाठीही ते वापरले गेले. एकोणिसाव्या शतकात जूबेर या धर्मगुरूने ते गोळा करून सांधून घेतले. किल्ल्यातील आजचे मंद प्रकाशाचे दालन १९५४ चे.

ड्यूकचे वैभव सरले. चिंध्या वेचणाऱ्याचे श्रम उरले. आमच्या थाळनेरच्या मकबऱ्यांनाही दुसरा कोणता बुरूज हवा आहे?