वारूळ कुंभारानं केलं का? उदयनाचार्यांच्या ईश्वरसिद्धीची एक परीक्षा

देव आहे हे सिद्ध करता येतं का, आणि नाही हे तरी सिद्ध करता येतं का, हा प्रश्न दोन-तीन वाक्यांत संपवायची आपल्याला सवय लागली आहे. कुणी म्हणतं, हा श्रद्धेचा विषय, इथं तर्काचं काय काम. कुणी म्हणतं, विज्ञानानं याचा निकाल केव्हाच लावला. आणि ज्याला कुणालाच दुखवायचं नाही तो म्हणतो, अहो, सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही, द्या सोडून. ही तिसरी भूमिका सगळ्यांत समंजस वाटते. आज माझी तक्रार तिच्याविषयीच आहे. ती मोघम बोलून करण्यापेक्षा एक ग्रंथ समोर ठेवून करू या.

ग्रंथ आहे उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजलि’. उदयन मिथिलेचे, काळ साधारण दहाव्या शतकाच्या अखेरीचा. ईश्वर तर्कानं सिद्ध करण्याचा आपल्याकडचा सर्वांत कसून केलेला प्रयत्न म्हणजे हा ग्रंथ. त्याचे पाच भाग आहेत, त्यांना ‘स्तबक’ म्हणतात, म्हणजे फुलांचे गुच्छ. पहिले चार स्तबक विरोधकांचे आक्षेप दूर करण्यात जातात आणि पाचव्यात प्रत्यक्ष प्रमाणं येतात. ‘देव नाही’ हे सिद्ध होत नाही, हे दाखवायला या माणसानं किती कष्ट घेतले ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट. ग्रंथाच्या सुरुवातीलाच उदयन म्हणतात की, ज्याची सगळेच या ना त्या नावानं उपासना करतात त्याच्याविषयी खरी शंका कुणाला आहे? मग ही चर्चा कशाला? तर ऐकल्यानंतर करायचं जे मनन, ते म्हणजे ही चर्चा, आणि तीही उपासनाच आहे. म्हणजे लेखकाला शंका नाही. पण समोर बौद्ध आहे, चार्वाक आहे, मीमांसक आहे, सांख्य आहे. ते ‘माझी श्रद्धा आहे’ या उत्तरावर गप्प बसणारे नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे मैदान त्यांनी तर्काचंच स्वीकारलं. याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. आणि मान द्यायचा म्हणजे तपासायचं.

त्यांचा मुख्य युक्तिवाद सोपा आहे. घट हे कार्य आहे, म्हणजे तो पूर्वी नव्हता आणि मग झाला. घटाला कर्ता असतो, कुंभार. पृथ्वी, डोंगर, अंकुर हीसुद्धा कार्यंच आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. कर्ता म्हणजे कोण? ज्याला सामग्रीचं ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो तसा प्रयत्न करतो तो. अणूंपासून डोंगर घडवण्याइतकं ज्ञान तुम्हा-आम्हाला नाही. ज्याला आहे तो ईश्वर. इथं एक लक्षात ठेवा. न्यायदर्शनाचा ईश्वर शून्यातून जग निर्माण करत नाही. अणू नित्य आहेत, आत्मे नित्य आहेत. ईश्वर माती निर्माण करत नाही, तो मातीला आकार देतो. तो खरोखरच कुंभार आहे.

आता याला उत्तर बघा. ते उदयनांच्या जन्माआधी तीनेकशे वर्षं देऊन झालं होतं. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती ‘प्रमाणवार्तिका’त विचारतो, शब्द एक आहे म्हणून वस्तू एक झाली का? कुंभार मातीपासून घट करतो. वारूळही मातीचंच असतं. मग मातीचं आहे म्हणून वारूळही कुंभारानंच केलं म्हणायचं? जंगलात पडकं देऊळ दिसलं तर बांधणारा दिसला नसला तरी आपण म्हणतो, कुणीतरी बांधलंय. कारण अशी बांधकामं माणसं करतात हे आपण पाहिलेलं असतं. पण गवताचं पातं पाहून असं वाटत नाही. ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो. त्या शब्दामागचा अनुभव मात्र फक्त देवळाच्या बाजूला आहे. पुढं अकराव्या शतकात विक्रमशिला विद्यापीठातल्या रत्नकीर्तीनं याच एका प्रश्नावर ‘ईश्वरसाधनदूषण’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युरोपात डेव्हिड ह्यूमचे याच धर्तीचे आक्षेप छापून आले ते १७७९ साली. हे अभिमानानं छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. आपल्या परंपरेत फक्त श्रद्धा होती आणि तर्क बाहेरून आला, असं जे दोन्ही बाजूंचे लोक सांगतात ते खोटं आहे, एवढंच सांगायचंय.

नैयायिकही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो म्हणतो, तुमचा आक्षेप मान्य केला तर सगळंच अनुमान बुडेल. स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र पाहिला आणि डोंगरावर धूर पाहून विस्तवाचं अनुमान केलं. डोंगरावरचा विस्तव काही चुलीतला नसतो! दृष्टांत आणि प्रस्तुत गोष्ट यांत फरक असायचाच. कुंभाराला शरीर आहे, ईश्वराला नाही, एवढ्या फरकानं अनुमान मोडत नाही. तुमचा आत्मा तुमचं शरीर हलवतो, तेव्हा त्याला आणखी एक शरीर लागतं का?

उत्तर झकास आहे, पण माझ्या मते ते पुरत नाही. डोंगरावरच्या धुराचं अनुमान आपण विश्वासानं करतो, कारण डोंगर चढून जाता येतं. कधी तिथं विस्तव सापडतो, कधी धूर समजलेलं धुकं निघतं. अशा शेकडो खेपांनी धूर-विस्तवाच्या नियमाला बळ आलेलं आहे. ‘कार्याला ज्ञानवान कर्ता असतोच’ या नियमाची खेप फक्त घट, वस्त्र, देऊळ इथंच झाली. गवत, डोंगर, नदी यांच्या बाबतीत ती कधी झालीच नाही, आणि नेमकी तीच उदाहरणं वादात आहेत. म्हणजे नियम जिथं सिद्ध व्हायला हवा तिथं तो गृहीत धरला आहे. माझ्या दृष्टीनं ही सिद्धी इथं थांबते.

आता दुसरी बाजू. ईश्वर सिद्ध झाला नाही, म्हणून तो नाही असं झालं का? इथं उदयन विलक्षण आहेत. तिसऱ्या स्तबकात ते चार्वाकाला गाठतात. चार्वाकाचं म्हणणं, दिसत नाही म्हणून नाही. उदयन म्हणतात, मग बिचारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायको-मुलं दिसणार नाहीत. त्यानं ती नाहीतच असं समजून छाती बडवत रडायला हवं! थट्टा सोडा, मुद्दा गंभीर आहे. न दिसण्यावरून नसणं कधी ठरतं? ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. समोरच्या फरशीवर घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. पण जी गोष्ट मुळात दिसण्याजोगीच नाही, तिच्या न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. अंतराळात गेलो, तिथं देव भेटला नाही, हा म्हणूनच युक्तिवाद होत नाही.

हा फरक सांख्यांच्या घरातही ओळखलेला आहे. सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही, असं म्हटलंय. त्यावर सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूनं बोट ठेवलं की, सूत्र ‘असिद्धी’ म्हणतं, ‘अभाव’ म्हणत नाही. खटला शाबीत झाला नाही आणि घटना घडलीच नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कोर्टकचेरीची पायरी चढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग सामना बरोबरीत सुटला म्हणायचं? तो तिसरा समंजस माणूस आता खूश होईल. पण थांबा. बरोबरी झाली ती कशाबद्दल? ‘अदृश्य, अशरीर असा कुणी एक कर्ता’ या विधानाबद्दल. आणि ते विधान वाचलं का? तर त्यात तपासण्याजोगं काहीच उरलं नाही म्हणून. ज्या प्रमाणात देवाबद्दल कमी बोलाल त्या प्रमाणात तो सुरक्षित. पण एवढ्या कमी देवावर कुणी जगत नाही हो. पंढरीच्या वाटेवर कुणी अणूंच्या संयोजकाला हाक मारत नाही.

रामानुजाचार्यांना हे स्वच्छ दिसलं होतं. एवढा मोठा भक्त, पण ‘श्रीभाष्या’त त्यांनी ईश्वराचं अनुमान खोडून काढलंय. ते विचारतात, पृथ्वी, समुद्र हे सगळं एकाच वेळी, एकाच कर्त्यानं केलं याला आधार काय? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कर्त्यांनी केलं नसेल कशावरून? त्यांच्या मते ईश्वर शास्त्रावरूनच कळतो. ते शास्त्राचं प्रामाण्य मानायचं की नाही हा वेगळा वाद. पण ‘कर्ता’ आणि ‘ईश्वर’ यांच्यातलं अंतर त्यांनी अचूक मोजलं. कांटनंही १७८१ साली अशीच मर्यादा दाखवली: जगाच्या रचनेवरून फार तर एखादा वास्तुशिल्पी मिळेल, सर्वसमर्थ निर्माता मिळणार नाही.

आता ज्यासाठी आजचं व्याख्यान ठेवलं तो मुद्दा. हे अंतर भरून काढायला आपण त्या कर्त्यावर एकेक ओझं चढवतो: तो न्यायी आहे, तो कर्माचा हिशेब ठेवतो, तो अमक्याला प्रसन्न होतो. उदयनही हे करतात. पहिल्या स्तबकात ते जगातल्या विविधतेवरून अनुमान काढतात की प्रत्येकाच्या भोगामागं त्याचं त्याचं अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माचा ठेवा असला पाहिजे. ईश्वर त्या अदृष्टानुसार फळ देतो. यामुळे ‘दयाळू देवाच्या जगात मूल का तडफडतं?’ या आक्षेपातून न्यायदर्शनाचा ईश्वर सहीसलामत सुटतो. पण त्याच्या सुटकेची किंमत कोण मोजतं? ते मूल मोजतं. जो गावकुसाबाहेर जन्मला, त्याला सांगितलं जातं की हे तुझंच मागचं देणं आहे. विश्वातल्या अणूंपासून सुरू झालेला तर्क नकळत माणसांमधल्या उतरंडीचं समर्थन करून बसतो. ‘न्यायकुसुमांजली’वरचा माझा खरा आक्षेप हा आहे. तिथं तर्क नुसता अपुरा पडत नाही, तो दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब परस्पर मिटवून टाकतो.

याच्याशेजारी महात्मा फुल्यांचं पुस्तक ठेवून बघा. ‘सार्वजनिक सत्यधर्म’, त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालं. फुलेही जगाचा कर्ता मानतात. त्याला ते ‘निर्मीक’ म्हणतात. पण निर्मीकानं सगळे स्त्री-पुरुष सारख्या हक्कांचे निर्माण केले, असं ते म्हणतात. विषमता माणसांनी केली, म्हणून ती माणसांनी मोडायची. पूर्वजन्माच्या खात्याला त्यांच्याकडे जागा नाही. बघा, ‘जगाला कर्ता आहे’ ही सुरुवात दोघांची सारखी आणि निष्कर्ष एकमेकांच्या अगदी उलट. म्हणजे नुसत्या कर्त्यावरून समताही निघत नाही आणि विषमताही निघत नाही. ती आपण त्याच्या खिशात घालतो आणि मग त्याच्याच खिशातून काढून दाखवतो.

म्हणून मला ‘सिद्धही नाही, असिद्धही नाही’ हे उत्तर पुरं वाटत नाही. खुद्द कर्त्याबद्दल ते खरं आहे. त्याच्यावर चढवलेल्या ओझ्यांबद्दल ते खरं नाही. अमका बाबा हवेतून अंगारा काढतो, हे तपासता येतं. नवसानं रोग बरा होतो, हेही तपासता येतं. अमकी जात देवानंच खालची केली, याची तर इतिहासात आणि नीतीत रीतसर उलटतपासणी होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देवा-धर्माबद्दल तटस्थ आणि शोषणाबद्दल ठाम अशी भूमिका घेतली, ती पुष्कळांना धोरणी वाटली. मला ती तर्कदृष्ट्याही बरोबर वाटते. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा देव आहे की नाही हे विचारत नाही. कृत्य काय घडलं ते विचारतो.

मग उदयन वाचायचे कशाला? कारण एवढ्या ताकदीचा प्रतिपक्षी भेटल्याशिवाय आपली शंकाही कच्ची राहते. आणि त्यांच्यात एक मोठेपणा आहे. ग्रंथाच्या शेवटी ते देवाकडे आपल्या विरोधकांसाठी मागणं मागतात: हे तुझं खंडन करतात, पण त्यासाठी का होईना तुझंच चिंतन करतात, त्यांनाही तार. याला पुरावा म्हणत नाहीत, हे खरं. पण वाद कसा घालावा याचा तो धडा आहे, आणि आजच्या दोन्ही बाजूंना त्याची गरज आहे.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: ‘सर, तुम्ही स्वतः देव मानता की नाही?’ चिठ्ठी लिहिणाऱ्यांना माझं उलट विचारणं आहे: कोणता? तुमच्या मनातल्या देवाचं वर्णन कागदावर लिहा, एका ओळीत एकच गोष्ट. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही खोटी असती तर जगात काय वेगळं दिसलं असतं. ज्या ओळींपुढे काहीच लिहिता येणार नाही, त्यांच्यावरून माझं-तुमचं भांडण नाही. त्या तुम्ही खुशाल मनात ठेवा. ज्यांच्यापुढे लिहिता येईल त्या तपासू. आणि ज्या ओळीमुळे दुसऱ्या कुणाचं दुःख रास्त ठरत असेल, तिच्यापासून सुरुवात करू.

थांबतो इथं.