पार्टी आली रे!

दलित कवितेवर पोत्यानं लिहिलं गेलं. आत्मकथनांवर तर किती प्राध्यापकांची बढती झाली, मोजदाद नाही. पण रात्री चौकात, मांडवात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळ्या टाकून जी गायन पार्टी उभी राहते, जिच्यापायी माणसं दहा-दहा मैल टेम्पोत उभ्यानं येतात, तिच्यावर लिहायला कुणाला सवड नाही. भीमराव कर्डकांना आपल्या जलशांचं पुस्तक शेवटी स्वतःच लिहावं लागलं. 'आंबेडकरी जलसे', साल १९७८. ज्यानं ढोलकीपुढं उमेद घालवली त्यालाच लेखणीही धरावी लागली. शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं, शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली दलित साहित्याचं. ठीक. दोन्ही साहित्याची. मांडवात सतरंजीवर बसलेला माणूस अजून कुठल्याच शास्त्रात बसलेला नाही.

म्हणून मी इथं कवितेवर लिहिणार नाही. गाणं समोर बसून, दोस्तांच्या टोळक्यात ऐकताना काय होतं, त्यावर लिहिणार आहे. आमच्या सोनईच्या भागात. तालुका नेवासा, जिल्हा नगर, आता कागदावर अहिल्यानगर.

आधी ते 'काय होतं' बघू. एप्रिल महिना. मुळा कारखान्याचा हंगाम सरत आलेला. चौदा तारखेला जयंती होते, पण पार्ट्यांच्या तारखा एकाच दिवशी सगळ्या गावांना कशा मिळणार? म्हणून जयंती मे महिन्यापर्यंत गावोगाव फिरत राहते. आज घोडेगाव, उद्या राहुरीकडचं एखादं गाव. आपल्या आवडीची पार्टी कुठं आहे हे फोनवर कळतं आणि पोरं निघतात. एकाच्या गाडीत पेट्रोल, दुसऱ्याच्या खिशात तंबाखू, तिसऱ्याला गाणी तोंडपाठ. पार्टी उशिरा येते. ती उशिराच येते, हाही कार्यक्रमाचा भागच. टेम्पोतून ढोलकी उतरते, पेटी उतरते, बेंजोवाला तारा लावत बसतो, साऊंडवाला "हॅलो, चेक" करून करून कान किटवतो. आणि मग पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडतं, "आली रे, पार्टी आली रे!" त्या एका आरोळीनं अंगावर जो काटा येतो, तो कॅसेटनं आला नाही, मोबाईलनं येत नाही.

का येत नाही? गाणं तर तेच. शब्द तेच, चाल तीच, कित्येकदा गायकही तोच.

सदाशिवपेठी रसिकाचं उत्तर तयार असतं: हा झुंडीचा उन्माद, यात कला कसली. त्याला उत्तर द्यायला मी बसलेलो नाही. त्याच्या मैफलीत पाचशे रुपयांच्या खुर्चीवर बसलेला माणूस मान हलवतो तो आस्वाद, आणि आमचा ऊसतोडीवरून आलेला दोस्त शिट्टी मारतो तो उन्माद. हे गणित त्यानं त्याच्याच पेठेत मांडावं. आपल्याला आपलं उत्तर पाहिजे.

माझं उत्तर आमच्याच जिल्ह्यातलं आहे. मे २०१५. शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका बौद्ध पोराच्या मोबाईलची रिंग वाजली. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. तेवढ्यावरून त्याला मारहाण झाली, उचलून नेलं आणि ठार मारलं. गाणं तेच होतं का, तर होय, आपल्या मांडवात वाजतं त्याच जातीचं. म्हणजे एकट्याच्या खिशात वाजलं की जीव घेणारं गाणं चौकात हजार माणसांत, कर्ण्यावरून, ढोलकीच्या ठेक्यावर मोकळं वाजतं. आजूबाजूच्या सगळ्या आळ्यांना ऐकू जाईल असं वाजतं. अंगावरचा काटा तिथून येतो. तो सुरांचा आहेच, पण नुसता सुरांचा नाही. भीती जिथं असायला पाहिजे होती तिथं ती सापडत नाही. शेजारी दोस्ताचा खांदा असतो, पुढं म्हातारी असते, मागं पोलीस पाटील उभा असतो, आणि गाणं चालू असतं. हा अनुभव एकट्याला घेता येत नाही. कानाला यंत्र लावून तर नाहीच.

हे ज्याला कळलं नाही त्यानं आपल्या गाण्याला 'प्रचारकी' म्हणावं. सरकारला मात्र ते नीट कळतं. कबीर कला मंच २००२ साली पुण्यात उभा राहिला, गुजरातच्या दंगलीनंतर. त्यातल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर अटक झाली. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या खटल्यात धरलं. डफ वाजवणाऱ्या पोरांची एवढी धास्ती! आपल्या समीक्षकांना जे सापडलं नाही ते तपास यंत्रणेला सापडलं, असं म्हणायची पाळी आहे.

आता पार्टीचं अंग बघू. जलशानं तमाशाचा साचा घेतला आणि आतलं सामान बदललं. गणपतीच्या गणाच्या जागी पुढं बाबासाहेबांची वंदना आली, गवळणीतला चावटपणा गेला, वगात राजाराणीऐवजी पाणवठा, सावकार, देवळाचं दार आलं. कर्डकांच्या पिढीनं हे गावोगाव पायपीट करून केलं. पुढं वामनदादा आले. देशवंडीचा, सिन्नर तालुक्यातला माणूस, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. मुंबईत तरुणपणी अक्षरं गिरवली आणि मग आयुष्यभर, २००४ साली जाईपर्यंत, गाणी लिहीत गावं तुडवली. मग कव्वालीचा काळ आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. दोन पार्ट्या समोरासमोर, जंगी सामना, सवाल-जवाब. एकीनं धम्मावर सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातून तो फोडायचा. फोडता आला नाही तर मांडवातली पोरंच आवाज द्यायची. रात्र सरायची, सवाल सरायचा नाही. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांनी महाडचा सत्याग्रह, पुणे करार, येवल्याची घोषणा याच सामन्यांतून पाठ केली. आपल्या बायाबापड्यांना तारखा कशा तोंडपाठ असतात, याचं आश्चर्य करणाऱ्यांनी हे विद्यापीठ पाहिलेलं नाही.

आणि बाया. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. मांडवात त्या एका अंगाला, बहुतेक दोरीपलीकडं बसतात. पोरं मांडीवर झोपलेली. आम्ही शिट्ट्या मारून अर्ध्यात चहाला उठतो, त्या हलत नाहीत. शेवटच्या गाण्यापर्यंत खरा ऐकणारा तोच कोपरा. कडूबाई खरातांचा आवाज मोबाईलनं घरोघर नेला हे खरं. पण एका बाईच्या हातात एकतारी आहे, मागं साज नाही, नटवेपणा नाही, आणि समोरची बाई पदर डोळ्याला लावते, हे बघायला मांडवातच यावं लागतं. आपल्या पार्ट्यांनी बाईला कोरसात उभं केलं, माईकपुढं फार कमी वेळा. हे बदलतंय, पण गोगलगायीच्या चालीनं.

पार्टीतली दुसरी गंमत बक्षिसाची. गाणं रंगात आलं की एकजण उठतो, दहाची नोट देतो, आणि गायक गाणं थांबवून नाव पुकारतो: "आयुष्मान अमुक अमुक यांच्याकडून." गावात ज्याला उभ्या जन्मात अर्ध्या नावानं हाक मारली, त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, कर्ण्यावरून गावभर जातं. दहा रुपयांत! ज्यांना यात नुसता व्यत्यय दिसतो त्यांना या नावाची किंमत ठाऊक नाही. पण आता त्याच जागी पुढारी आलेत. पाचशेच्या नोटा, फोटो, शाल, आणि प्रत्येक कडव्यानंतर "आमचे मार्गदर्शक". मी एका कार्यक्रमात मोजलं, एका गाण्यात अकरा नावं. गाणं कुठलं होतं ते शेवटी गायकही विसरला असेल. दहाच्या नोटेनं माणूस मोठा व्हायचा, पाचशेच्या नोटेनं गाणं लहान होतं. पार्टीवाल्यांनो, तुमच्या पोटाचा प्रश्न आम्हाला कळतो. पण नावं गाण्यानंतर घ्या, अंतऱ्यात नको.

तिसरी गोष्ट, शब्दांची. वामनदादांच्या पिढीत गाण्यात विचार असायचा, हिशेब मागितलेला असायचा. आताच्या पुष्कळ गाण्यांत फक्त रुबाब आहे. आमचा राजा, आमचा वाघ, आमची गाडी, आमची हवा. अरे, बाबासाहेबांनी राजेशाहीविरुद्ध घटना लिहिली आणि तुम्ही त्यांनाच मुकुट घालता? उसनी फिल्मी चाल मी समजू शकतो. चाल ओळखीची असली की शब्द लवकर चढतो, जुन्यांनीही तेच केलं. उसना रुबाब समजत नाही.

आणि डीजे. डीजेला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही, तो आला कसा ते बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाला कर्णे बंद झाले. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढंच. रात्रभराचा सामना दहाला कसा संपणार? पार्टीच येते नऊ वाजता. सवाल टाकला की पोलिसांची गाडी दारात. मग मंडळांनी विचार केला, त्याच पैशात मिरवणूक काढू, डीजे लावू, दहाच्या आत नाचून मोकळं होऊ. म्हणजे सवाल-जवाब आपण कंटाळून सोडला नाही, त्याची रात्रच आपल्याकडून गेली. (कायदा सगळ्यांना सारखा. अंमल कुणाच्या मांडवात कसा होतो ते तुम्ही बघताच.) डीजेत छाती हादरते, शब्द ऐकू येत नाही. ज्या गाण्यात शब्द ऐकू येत नाही त्यात सवाल कोण टाकणार?

आता मुद्द्यावर येतो. सोनईत राहून हे लिहायचं तर पुढचं टाळता येणार नाही.

१ जानेवारी २०१३. सोनईच्या एका वस्तीवर तीन तरुण पोरं मारली. तिघं मेहतर समाजाची. त्यातल्या एकाचं वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. सेप्टिक टँकच्या कामाला म्हणून बोलावलं. एकाला त्या टँकमध्येच मारलं, दोघांना कापून कोरड्या विहिरीत पुरलं. खटला नाशिकला चालला, जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तोच हा नेवासा तालुका. आणि सोनईपासून हाकेच्या अंतरावर शिंगणापूर, जिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून देशभरातून माणसं बघायला येतात. दारं नाहीत! त्याच शनीच्या चौथऱ्यावर बाईला पाय ठेवायला एप्रिल २०१६ उजाडावं लागलं.

तीन मित्र होते ते. एकत्र कामाला जाणारे, एकत्र बोलावल्यावर एकत्र गेलेले. आपणही तीन-तीन, चार-चार जण एका गाडीवर बसून पार्टीला जातो.

मी या भागात इतके कार्यक्रम ऐकले. खैरलांजीवर गाणं ऐकलं. रमाबाई नगरवर ऐकलं, ११ जुलै १९९७ चा तो गोळीबार, दहा माणसं गेली आणि ते बघून विलास घोगरेंनी फास घेतला. ऐकताना मांडव शांत होतो. पण सोनईच्या मांडवात सोनईच्या विहिरीचं गाणं मला भेटलं नाही. एका पार्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "फर्माईश नाय आली." बरोबर बोलला. फर्माईश करणार कोण? मेहतर आळीतली माणसं मांडवात नसतात. "ते येत नाहीत जयंतीला," असं आपले कार्यकर्ते म्हणतात. वर्गणीची पावती घेऊन त्यांच्या दारात कोण गेलं होतं? मांडव झाल्यावर सकाळी पत्रावळ्या उचलायला कुणाला बोलावलं?

हजारांत बसल्यावर भीती जाते, असं मी वर म्हटलं. ते खरंच आहे. फक्त ते हजार कोण, एवढंच विचारायचंय. ज्यांची भीती सगळ्यात मोठी, ती माणसं त्या काट्याबाहेर राहिली तर आपला रोमांच आपल्यापुरता झाला. मग तो त्या पाचशेच्या खुर्चीवाल्यापेक्षा वेगळा कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिकडं चेन्नईत पा. रंजितच्या पुढाकारानं एक बँड उभा राहिला, 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे सोनईच्या निकालाच्याच महिन्यात, त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. एकोणीस जण. उत्तर चेन्नईच्या मयताच्या गाण्यातून वाढलेला गाना, त्याला गिटार आणि रॅप. नाव घेतलं अयोथीदास पंडितांच्या 'जातीविहीन तमिळ' या कल्पनेवरून. त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही, ढोलकी आपल्याला पुरते. पण एवढं बघा की मयताचं गाणं त्यांनी स्टेजवर आणलं, आणि माणसं ते उभं राहून, नाचून ऐकतात. मेलेल्यांचं गाणं रडकंच असतं हा आपला समज आहे. सवाल म्हणून टाकलं तर ते सामन्याचं गाणं होईल. एका पार्टीनं विचारायचं, तीन पोरं कामाला गेली ती कुठं गेली? दुसरीनं फोडायचं.

विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, ते स्टेजवरच. अंग झिजवून गाणाऱ्यांची ही जात आहे, तिला नवं गाणं मागितलं तर ती नाही म्हणणार नाही. मागायला पाहिजे. पुढच्या एप्रिलसाठी सुपारी जानेवारीतच द्यावी लागते, चांगल्या पार्टीच्या तारखा राहत नाहीत. सुपारी देतानाच सोनईचं गाणं सांगा. वर्गणीचं पुस्तक पहिल्यांदा मेहतर आळीत न्या, पाच रुपये मिळाले तरी पावती पूर्ण नावानं फाडा, आणि ते नाव कर्ण्यावरून पुकारा. आणि कार्यक्रम नऊला नको, सहाला लावा. दहाला गाडी येईल तोवर चार तास होतात, चार तासांत दोन सवाल नीट फुटतात. ऊन असतं, पण पार्टीवाल्यांना ऊन चालतं, मी विचारून घेतलंय. फक्त पाण्याचा माठ स्टेजजवळ ठेवा म्हणाले.