सभ्यता कुणाची?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, कारण इतरांच्या पत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती. पण छापील शब्दाला अक्षरओळख लागते. रेडिओला लागत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. तरी स्वयंसेवी संस्थांना केंद्राची वाट २००६ च्या धोरणाने मिळाली. तीही बातम्या वगळून.

आमच्या धर्माबादच्या सीमेपलीकडे, जहीराबादजवळच्या माचनूरला २००८ साली 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो दलित बायांनी चालवला, आपल्या तेलुगू बोलीत. परवान्याआधी त्या ध्वनिफिती करून बैठकांत ऐकवीत.

अशा केंद्राला पहिला प्रश्न विचारला जातो तो सभ्यतेचा. 'गोलपिठा'लाही १९७२ नंतर तोच विचारला गेला. प्रस्थापितांची सभ्य भाषा म्हणजे त्यांना न बोचणारी भाषा! ही व्याख्या आपण नाकारली पाहिजे. पाणवठा, मजुरी, स्मशानभूमी यांवर नाव घेऊन बोलणे हा अपमान नव्हे. मात्र कुणाची जात, देह वा बाईपण यांची शिवी करणे हे स्वातंत्र्यही नव्हे. त्या शिव्या आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसल्या आहेत. ज्याचे नाव घेतले, त्याला त्याच केंद्रावरून उत्तर देता आले पाहिजे.

आणि सभेत बाई बोलू लागताच 'आटोपते घ्या' म्हणणारे आपल्यातही आहेत. उद्या धर्माबादला केंद्र निघाले, तर मिरची निवडणारी मजूर बाई आपल्या मराठी-तेलुगू मिसळीत तिथे निर्धास्त बोलते काय, हीच त्याची कसोटी.