दखनी : मालकीचा वाद आणि संपर्काचे वास्तव

दखनी भाषेविषयीच्या अभ्यासग्रंथांची नावे पाहिली, तरी अभ्यासकांच्या भूमिका स्पष्ट होतात. नसीरुद्दीन हाशमी यांनी ‘दकन में उर्दू’ असे शीर्षक दिले. बाबूराम सक्सेना यांनी १९५२ मध्ये ‘दक्खिनी हिन्दी’ म्हटले. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी तिला मऱ्हाटी संस्कृतीचा एक आविष्कार मानले. भाषा एक आणि दावेदार तीन. ती कोणाची, या प्रश्नाच्या भरात ती कोणाकोणाच्या दरम्यान बोलली जाते, हा प्रश्न मागे पडला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागाला तेलुगू लागून आहे. उदगीर, निलंगा परिसराला कन्नड. तांड्यांवर गोरबोली आहे. हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि १८८४ नंतर तेथील राजभाषा उर्दू होती. तथापि कचेरीतील उर्दू आणि आठवडी बाजारातील दखनी या एक नव्हेत. दखनी हुकुमाने आली नाही, देवघेवीत रुळली.

याची साक्ष तिच्या व्याकरणातच आहे. ‘मैंच आतूं बोलके बोल्या’ हे वाक्य पाहावे. यातील ‘च’ निःसंशय मराठी. ‘बोलके’ हे मात्र केवळ मराठी ‘म्हणून’चे रूपांतर म्हणता येत नाही, तेलुगूतील ‘अनि’ व कन्नडमधील ‘अंत’ हेच कार्य करतात. तिन्ही भाषांच्या भाषकांना ही रचना आपली वाटते, म्हणूनच ती टिकली असावी. ‘मैं रोटी खाया’ यातील क्रियापद कर्त्यानुसार चालते. मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ असे कर्मानुसारी रूप येते. हिंदीतही ‘ने’ लागून तेच घडते. येथे दखनी तेलुगू-कन्नडच्या बाजूची आहे. म्हणजे ‘मराठी आविष्कार’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. उलट मराठी ‘नको’ हैदराबादेत ‘नक्को’ होऊन तेलुगू मुलखात रुजला, तो दखनीच्याच वाटेने! या प्रवासाची दखल मराठी भाषाभ्यासाने अधिक घ्यावयास हवी होती.

इंडोनेशियातील अंबोन बेटावरील मलय बोली याच जातीची. मालुकू प्रदेशातील भिन्नभाषिक समाज तिच्यातून परस्परांशी बोलतात. शिवाय ती अंबोन शहरातील अनेकांची मातृभाषाही आहे. संपर्कभाषा आणि मातृभाषा ही दोन्ही कार्ये एकाच बोलीत नांदू शकतात. दखनीला केवळ मुस्लिम समाजाची घरगुती बोली समजणारे याकडे दुर्लक्ष करतात.

उणीव साधनसामग्रीच्या निवडीतही आहे. वजहीचा ‘सबरस’ (१६३५) आणि दरबारी मसनव्या यांवर भर राहिला; मोंढ्यातील, एस.टी. स्थानकावरील बोली नमुन्यांत क्वचितच आली. वर्गातही हीच गत. ‘मेरेकू’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला उर्दूचा शिक्षक अशुद्ध ठरवितो, हिंदीचाही. मराठीच्या तासाला तर तो विषयच नसतो. जनगणनेच्या पत्रकात मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या आणखी दोन भाषा विचारल्या जातात. देगलूरच्या बाजारात दिवसभर दखनी बोलणारा मराठी व्यापारी तेथे ‘हिंदी’ असेच सांगण्याचा संभव अधिक.