सायकल-प्रवासाचे वाङ्मय

कोकण किनाऱ्यावरील सायकल-प्रवासाची वर्णने अलीकडे मराठीत पुष्कळ वाचावयास मिळतात. वाटाड्यावाचून, स्वतःच मार्ग आखून केलेल्या या प्रवासांचे आम्हांस कौतुक वाटते. वाङ्मय म्हणून मात्र ती वर्णने आमचे समाधान करीत नाहीत.

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. खाडी सोडली की रस्ता पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. मोटारीतील प्रवाशास न जाणवणारा हा चढ सायकलस्वाराच्या पायांस कळतो. धक्क्यावर बोटीसाठी थांबावे लागते, तेव्हा माणसे भेटतात. हेच त्याचे खरे भांडवल. पण लेखक किलोमीटर मोजून मोकळा होतो.

वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. द्रव्यार्जनासाठी १८५७ साली निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. आपण काय पाहिले, कोठे भ्यालो, हे तो मोकळेपणाने सांगतो. म्हणून त्याच्या कोसांना अर्थ येतो.

आम्हां सुपेलावासीयांपासून तो किनारा हजार किलोमीटरांहून दूर आहे. हा आकडा नोकरीने आम्हांस पाठ करून दिला आहे. सायकलस्वार लेखकाकडून आम्हांस आकडा नको. तो धक्का, तो चढ आणि तेथे भेटलेले माणूस हवे.